कवळी बसत नाही म्हणणाऱ्या आजी-आजोबांची आठवणही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी ज्येष्ठांसाठी मोफत कवळीचं शिबिर होतं, मावशीला घेऊन गेले होते. गर्दी चांगली होती, डॉक्टर मुलंमुली तरुण आणि खरंच प्रेमाने बोलणारी, प्रत्येकाचं बीपी बघत होती, शुगर बघत होती, तंबाखू-मिश्री विचारत होती. आमच्या पुढे एक आजी होत्या, जुनी कवळी हातरुमालात बांधून आणलेली. काय त्रास होतो आजी, तर म्हणाल्या टोचतंय. कुठं टोचतंय, तर आधी डावीकडे बोट, मग उजवीकडे, मग म्हणाल्या बसतच नाही ती. डॉक्टरांनी आरसा घालून नीट बघितलं, जखम कुठेच नव्हती. मग कवळी त्यांच्या हातात दिली, घाला बघू म्हणाले. आजींनी ती उलटसुलट फिरवली, खालची वर लावून बघितली आणि मग नुसतं सुनेच्या तोंडाकडे बघत बसल्या. सून म्हणाली, वय झालं आता त्यांचं. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, नवीन करून देऊ, आणि पुढचा नंबर आला.

मला तिथे उभं राहवेना, कारण हे सगळं जसंच्या तसं मी माझ्या आईच्या बाबतीत बघितलंय आणि तेव्हा मी पण तेच म्हणाले होते, वय झालं. म्हणून हे पत्र लिहितेय, लांबलंय पण जागा असेल तर छापा.

आईला पासष्टीत कवळी बसवली. लहानपणापासून मिश्रीची सवय, त्यात शुगर, हिरड्या सुजून एकेक दात हलत गेला आणि शेवटी सगळे काढावे लागले. पण कवळी तिने पंधरा दिवसात आपलीशी केली, भाकरी खायची, भाजलेले शेंगदाणे खायची, रात्री न चुकता काढून ब्रशने घासून वाटीत पाण्यात ठेवायची आणि वाटीवर ताटली झाकायची. दहा-बारा वर्षांनी ती सैल झाली म्हणून नवीन करायला घेतली. तर नवीन काही केल्या बसेना. चार वेळा गेलो, चार वेळा डॉक्टरांनी घासून दिली, दरवेळी दुखायची जागा वेगळी. एकदा ती जुनीच घालून गेली आणि नवीन घातलीय म्हणून सांगत होती. एकदा डॉक्टरांना जोतिबाच्या यात्रेची गोष्ट सांगितली, बाहेर येऊन पैसे देताना परत आत जाऊन तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. डॉक्टर हसले, आम्हीपण हसलो. शेवटी ते म्हणाले, आजी सवय करा, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात पेशंट जरा हट्टी होतात. आम्ही घरी येऊन डॉक्टरांनाच नावं ठेवली की माप नीट घेतलं नाही. मग एक दिवस ती नवीन कवळी सापडेना, दोन दिवस शोधली, तांदळाच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली मिळाली.

हे झालं त्यानंतर दीड वर्षाने आईला अल्झायमर असल्याचं निदान झालं, ते पण ती बाजारातून घरी यायचा रस्ता चुकली तेव्हा. न्यूरोच्या डॉक्टरांनी विचारलं की नवीन वस्तू वापरायला शिकताना त्रास व्हायला लागला का, मिक्सर, रिमोट, फोन असं काही, आणि माझ्या डोळ्यापुढे एकदम ती कवळी आली. दीड वर्ष. तो दातांचा डॉक्टर वाईट नव्हता हो, मनापासून करत होता, त्याला कोणी हे बघायलाच शिकवलेलं नव्हतं, आणि आम्हाला तर नव्हतंच. माझा राग त्याच्यावर नाही.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. कवळी वापरणाऱ्या किंवा नवीन करून घ्यायला आलेल्या साठीपुढच्या माणसाची आठवण आणि समज दातांच्या दवाखान्यातच थोडक्यात तपासली जावी, आणि शंका आली तर पुढे कुठे जायचं ते लिहून दिलं जावं. औषध तिथे देऊ नये, निदान तिथे करू नये, नुसतं पहिलं स्क्रीनिंग.

दातांच्याच दवाखान्यात का, तर एक साधं कारण आहे. म्हातारं माणूस ओपीडीत फिजिशियनला भेटतं किती, पाच मिनिटं, त्यातही नातेवाईकच बोलतात. पण पूर्ण कवळी करायची म्हणजे एकदा पहिलं माप, मग दुसरं नीट माप, मग चावा बघायला, मग मेणात दात लावून ट्रायल, मग बसवायला, म्हणजे पाचेक चकरा तर होतातच आणि नंतर घासून घ्यायला दोन-तीन. महिना-दीड महिन्यात तोच डॉक्टर त्याच माणसाला सात-आठ वेळा जवळून बघतो. तारीख लक्षात राहिली का, मागच्या वेळी सांगितलेलं आठवतं का, काढ-घाल शिकवलेली जमते का, सगळं त्याच्या समोर घडत असतं. नवीन कवळी म्हणजे जीभ, गाल, ओठ सगळ्यांना नव्याने शिकवावं लागतं, मेंदू ते शिकतो तेव्हाच ती तोंडात टिकते. जो मेंदू नवीन शिकायला कमी पडायला लागलाय तो पहिला इथेच अडतो. जुनी वर्षानुवर्षं मस्त वापरली आणि नवीन, चांगली केलेली असूनही चालत नाही, जखम दिसत नाही, तक्रार रोज बदलते, असं असेल तर प्रत्येक वेळी माप चुकलेलं असतंच असं नाही.

आणि दात गेलेल्यांकडे मुद्दाम बघायचं आणखी एक कारण आहे. २०२१ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १४ अभ्यास एकत्र करून ३४ हजारांवर लोकांचा हिशोब मांडला, त्यात जास्त दात गेलेल्यांमध्ये आकलन-स्मृती कमी होण्याचा धोका १.४८ पट आणि डिमेन्शियाचा, म्हणजे रोजचे व्यवहार अडतील इतकी आठवण-समज जाण्याचा (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार), १.२८ पट दिसला. पण त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य लोक वाचत नाहीत. दात गेलेत आणि कवळी नाही अशांमध्ये २३.८ टक्क्यांना आकलन-स्मृतीचा हा त्रास होता, कवळी असलेल्यांमध्ये १६.९ टक्क्यांना. म्हणजे कवळीने विसरभोळेपणा येतो असा अर्थ कुणी कृपा करून काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर उद्या तेच फिरेल आणि लोक कवळ्या काढून ठेवतील. दात गेल्याने डिमेन्शिया होतो हे पण त्यातून सिद्ध होत नाही. तंबाखू, शुगर, कमी शिक्षण, गरिबी या गोष्टी हिरड्यांना पण मारतात आणि मेंदूला पण, शिवाय ज्याची आठवण आधीच कमी व्हायला लागलीय तो दात घासायचं विसरतो आणि दात जातात, म्हणजे उलटीकडून पण असू शकतं. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की ज्यांच्यात हा त्रास जास्त सापडण्याची शक्यता आहे ती माणसं आपल्या पायाने चालत त्या खुर्चीत येऊन बसतायत.

आकडा पण लहान नाही. लासी-डॅड नावाच्या देशव्यापी अभ्यासावरून भारतात साठीपुढच्यांमध्ये सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसं, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आणि गावात शहरापेक्षा जास्त. गावातल्या बायका, ज्या मिश्री लावत आल्या, ज्यांचे दात पन्नाशीतच गेले, ज्या शाळेत फार गेल्या नाहीत आणि दवाखान्यात तर अगदीच नाईलाज झाल्यावर जातात. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी ही म्हण इतकी हाडात मुरलीय की घरात कुणी विसरायला लागलं तर आपण त्याला आजार म्हणतच नाही.

लोक विचारतील निदान होऊन तरी काय उपयोग, अल्झायमर तर बरा होत नाही. नाही होत. पण विसरायला होणारं प्रत्येक माणूस अल्झायमरचंच असतं असं कुठेय. आमच्या शेजारचे काका, शुद्ध शाकाहारी, शुगरची गोळी कित्येक वर्षं चालू, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी. त्यांची जीभ आग आग व्हायची, कवळी तोंडात ठेवता येईना, आणि त्याच सुमारास पासबुक कुठे ठेवलं, दूध घातलं की नाही असा घोळ सुरू झाला. तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं. इंजेक्शनं दिली, जिभेची आग गेली आणि माणूस पुष्कळ सावरला. बी-१२ कमी पडलं की जीभ पण बोलते आणि डोकं पण, शुगरची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर ते कमी होऊ शकतं, हे दातांच्या डॉक्टरांना माहीत असतंच, फक्त दोन गोष्टी एका ओळीत लावून बघायच्या आहेत. थायरॉईड कमी असेल, डिप्रेशन असेल, डोक्याला मार लागून आत हळूहळू रक्त साठलं असेल, तरी माणूस विसरतं आणि त्यावर उपाय असतो.

गोळ्यांचं तर आणखीच. झोपेच्या, ॲलर्जीच्या, वारंवार लघवीच्या काही गोळ्या अशा असतात की त्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि तोंड कोरडं पडलं की वरची कवळी टाळूला धरतच नाही, लाळेच्या पातळ थराशिवाय ती चिकटणार कशी. त्याच गोळ्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवरही परिणाम करतात. म्हणजे कवळी सुटते म्हणून आलेल्या माणसाच्या गोळ्यांची पिशवी एकदा टेबलावर ओतून बघितली तर दोन्ही त्रासांचं एकच कारण हाताला लागू शकतं. ती बंद करायची की नाही ते त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने नाही.

आणि अल्झायमरच असेल तरी लवकर कळण्याने खूप फरक पडतो, कवळीपुरता तर फारच. आम्हाला जर तेव्हा कळलं असतं तर आईची नवीन कवळी वेगळ्या आकाराची केलीच नसती. जुन्या कवळीचीच हुबेहूब नक्कल करायची पद्धत असते, बाहेरचा आकार तोच ठेवून फक्त आतली बाजू हिरडीला नीट बसेल अशी करतात, म्हणजे जिभेला ओळखीचीच वाटते. शिकण्याची ताकद शिल्लक आहे तोवरच हे करून घ्यायचं असतं, आजार पुढे गेल्यावर कितीही भारी कवळी करा, ती डब्यातच राहते आणि माणूस दुधात कुस्करलेल्या भाकरीवर येतं. कवळी बनवतानाच आत नाव घालून घेता येतं, ते पण मला फार उशिरा कळलं, हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात कवळ्या हरवतात, बदलतात, जेवणाच्या ताटाबरोबर कचऱ्यात जातात. तारेच्या हूकवाली छोटी कवळी असेल तर ती चुकून गिळली जाण्याची भीती असते, अशा माणसाला ती द्यायची की नाही हा विचार पण आधीच करावा लागतो. आणि रात्रीचं. जपानमध्ये टोकियोच्या ८५ वर्षांवरच्या ५२४ लोकांचा अभ्यास झाला होता, त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. जो माणूस कवळी काढायचंच विसरतो त्याच्या घरच्यांना हे कुणीतरी सांगायला नको का? आई नंतर नंतर दोन-दोन दिवस काढायचीच नाही, आणि आम्ही आपले खूश की चला, आता घालते तरी.

तपासायचं कसं, तर याला मशीन लागत नाही. मिनी-कॉग म्हणून एक तपासणी आहे, तीन शब्द सांगायचे, मग घड्याळ काढून काटे दाखवायला सांगायचं आणि मग ते तीन शब्द परत विचारायचे, पाचापैकी गुण, तीनाच्या खाली आले तर पुढे पाठवायचं, तीन मिनिटांचं काम. पण माझी आई चौथी शिकलेली, तिने जन्मात कधी कागदावर घड्याळ काढलेलं नाही, आणि अशा बाईला घड्याळ काढायला लावून नापास करणं हा अन्याय आहे. तिच्यासाठी घरच्यांना विचारायचे आठ प्रश्न असतात, एडी-८ म्हणतात त्याला. पैशाचा व्यवहार आधी करायच्या तो आता जमेनासा झालाय का, तेच तेच परत विचारतात का, महिना किंवा साल चुकतं का, ठरलेली तारीख-वेळ विसरतात का, आवडीच्या गोष्टीतून मन उडालंय का, आणि त्यातलाच एक प्रश्न आहे नवीन उपकरण वापरायला शिकताना अडतात का. पूर्वीपेक्षा बदल झालाय का एवढंच बघायचं, म्हणून शिक्षणाचा अडसर कमी येतो, आणि दोन किंवा जास्त प्रश्नांना हो आलं तर नीट तपासून घ्यायचं. आईच्या वेळी मला विचारलं असतं तर मी पाचांना हो म्हणाले असते.

करताना माणुसकीने करा एवढं मात्र आहे. तपासताना कवळी तोंडात असू द्या, बोळक्या तोंडाने बोलायची लाज वाटते आणि शब्द पण फुटत नाहीत. चष्मा, कानातलं मशीन लावून बसवा, ऐकूच आलं नाही तर तीन शब्द आठवणार कुठून. दात काढलेल्या दिवशी किंवा दुखत असताना तर नकोच. त्यांना स्वतःला विचारून, त्यांची हो घेऊन, शिबिराच्या रांगेत शंभर जणांसमोर नाही, बाजूला बसवून. आणि तुम्हाला डिमेन्शिया आहे असलं काही बोलू नका, जरा शंका वाटते, एकदा दाखवून घेऊया, एवढंच पुरे. गावात एकदा वेडाचा शिक्का बसला की जमिनीच्या सह्यांपासून सुनेच्या बोलण्यापर्यंत सगळं बदलतं.

यावर एक आक्षेप आहे, तो खरा आहे म्हणून लिहिते. अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्या ठरवणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २०२० मध्ये सांगितलं की काहीच लक्षण नसलेल्या सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांचं असं स्क्रीनिंग करून फायदा होतो की तोटा हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. मला ते पटतं, सरसकट सगळ्यांच्या हातात कागद-पेन्सिल देऊन घबराट करण्यात अर्थ नाही. म्हणून मी म्हणतेय की आठ प्रश्न घरच्यांना सगळ्यांच्याच बाबतीत विचारा, त्याला काही लागत नाही, पण पुढची तपासणी ज्याची कवळी कारण नसताना चालत नाही, जो तारखा विसरतो, जो उलटी घालतो, त्याची करा. अशा माणसात लक्षण दिसलेलं असतं, त्याच्याकडे दुर्लक्ष करणं हे सावधपणात बसत नाही.

आणि पुढे पाठवायची जागा हवी, नाहीतर नुसती भीती घालून माणूस घरी पाठवल्यासारखं होईल. जागा आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, सिव्हिल हॉस्पिटल आहे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइनचा १४५६७ आहे. दातांच्या दवाखान्यात भिंतीवर ब्रश कसा करावा याचं पोस्टर असतं, त्याच्या शेजारी हे दोन नंबर लावायला काय हरकत आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्राबरोबर कवळी पण मोफत मिळते, म्हणजे सरकार कवळी देतंच आहे, तिच्याबरोबर आठ प्रश्नांचा एक कागद मराठीत छापून द्यायला कितीसा खर्च येणार? जपानने तर २०१६ पासून दातांच्या डॉक्टरांना डिमेन्शिया ओळखण्याचं आणि अशा पेशंटला सांभाळण्याचं रीतसर ट्रेनिंग सुरू केलंय. आपल्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने बीडीएसच्या, म्हणजे दातांचे डॉक्टर होणाऱ्या मुलांना कवळीच्या पोस्टिंगमध्ये एक दुपार जरी यासाठी दिली तरी दरवर्षी केवढी मुलं हे शिकून बाहेर पडतील.

शिबिरातल्या त्या आजींच्या सुनेला मी बाहेर गाठलं आणि तिथेच बाकावर बसून ते आठ प्रश्न विचारले, मी काही डॉक्टर नाही हे आधी सांगून. ती पहिल्यांदा जरा चिडली, मग तिसऱ्या प्रश्नाला गप्प झाली आणि मग म्हणाली, गेल्या गौरीला त्यांनी नैवेद्यच दोनदा दाखवला होता, आम्हाला वाटलं भक्तीने. तिला सिव्हिलचा वार आणि १४४१६ नंबर लिहून दिला. त्या शिबिरातल्या डॉक्टर मुलीलाही सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि आजींची जुनी कवळी नक्कल करायला ठेवून घेतली.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन येतोय, जागोजागी शिबिरं लागतील. आमच्या तालुक्यात जे कोणी भरवतील त्यांनी एक टेबल आणि दोन खुर्च्या बाजूला ठेवाव्यात, घरच्यांना प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्यायला मी दिवसभर बसेन, आणि माझ्यासारख्या, घरात हे सोसलेल्या आणखी चार बायका बरोबर आणेन.

आपली एक वाचक,
कराड, जि. सातारा